न ओढलेली दोरी

सुनंदानं स्टुलावर चढून दोरीभोवतीची झेंडूची माळ कात्रीनं कापली. माळ दसऱ्याची, म्हणजे चांगली तीन महिने वाळलेली. फुलांचा चुरा तिच्या केसांत आणि खालच्या ट्रेमधल्या मालावर पडला. दोरीला हळदकुंकूही लागलं होतं. ओल्या फडक्यानं घासलं तर दोरी आणखीच पिवळी दिसायला लागली. खाली उभा असलेला श्रीरंगशेठ म्हणाला, राहू दे तशीच, पुण्याच्या बाई काही दोरी हुंगून बघणार नाहीत.

दोरी टोयोटाची होती. म्हणजे विकत घेतलेली वसईच्या बाजारातून, साठ रुपयांना, पण कल्पना टोयोटाची. गोखिवऱ्याच्या त्या गाळ्यात रबर दाबून घडवणारे चार प्रेस होते, अकरा माणसं होती, आणि काळ्या रबराची बुचं, वायसर अशा बारीकसारीक वस्तू बनायच्या. मागच्या गुढीपाडव्याच्या सुमारास शेठच्या वाचनात आलं की टोयोटाच्या कारखान्यात कामगारांच्या डोक्यावर दोरी असते, आणि माल बिघडतोय असं दिसलं की कुणीही, अगदी कालच कामाला लागलेला माणूससुद्धा, ती ओढून काम थांबवू शकतो. शेठला ही गोष्ट इतकी आवडली की आठवड्याच्या आत दोरी लागली, छताला घंटा लागली आणि दोरीशेजारी एक फळा लागला. शेजारच्या गाळ्यात अपघाताविना किती दिवस गेले ते लिहायचा फळा होता. त्याच चालीवर शेठनं आपल्या फळ्यावर सुंदर अक्षरात लिहिलं: 'दोरी न ओढता झालेले दिवस'. खाली रोज सकाळी तो स्वतः खडूनं आकडा घालायचा. आज दोनशे एक्क्याण्णव होता.

उद्या पुण्याजवळच्या एका कंपनीची इंजिनीअर येणार होती. ती कंपनी गाड्यांच्या दारांचे भाग बनवायची आणि ते भाग पुढे टोयोटाकडे जायचे. दारातून जिथं तारा आत जातात तिथं एक रबरी बूच बसतं. ते बूच श्रीरंगकडून घ्यायचं की नाही हे ती बाई ठरवणार होती. वर्षभरात जुनी दोन गिऱ्हाइकं गेली होती आणि चारपैकी दोन प्रेसवर प्लॅस्टिक झाकून ठेवलं होतं. ऑर्डर आली नाही तर झाकलेले प्रेस तीन होतील आणि अकरातली चार-पाच माणसं घरी बसतील, हे शेठ बोलला नव्हता, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

शेठनं तयारी परीक्षेसारखी करून घेतली. टोयोटाचा इतिहास एका पानावर लिहून त्याच्या अकरा झेरॉक्स काढल्या आणि पाठ करायला दिल्या. लोकांनी नाकं मुरडली. सुनंदानं मात्र ते पान तीनदा वाचलं, कारण तिला त्यातलं एक वाक्य काही केल्या पटत नव्हतं. मोटारी करायच्या आधी हे घराणं कापडाचे माग बनवायचं. त्यांच्यातल्या जुन्या माणसानं असा माग शोधून काढला की धागा तुटला की तो आपसूक थांबायचा. त्या मागावर पैसा झाला, नाव झालं, आणि मुलानं पुढे मोटारी काढल्या. आता थांबणारा माग चांगला कसा? चालत राहणारी वस्तू चांगली म्हणायची, असं आजवर तिला वाटत आलेलं.

तिनं हे कॉन्रॅडला विचारलं. कॉन्रॅड नंदाखाल गावचा, दोन नंबरच्या प्रेसवर काम करायचा आणि प्रत्येक गोष्टीवर त्याच्याकडे काकाचा दाखला तयार असायचा. त्याचं म्हणणं, इतिहास गेला खड्ड्यात, फ्रान्सिस अंकलची टोयोटा क्वालिस बघा; वीस वर्षं झाली, केळीचे घड वाहिले, तीन लग्नं वाहिली, वस्तीतले सगळे आजारी वाहिले, एकदा बंद पडली नाही. ज्याची गाडी थांबत नाही त्यानं थांबणारा माग केला, ही गंमतच आहे, असं सुनंदा म्हणाली. त्यावर कॉन्रॅडनं खांदे उडवले आणि प्रेस उघडला.

संध्याकाळी आचोळ्याच्या घरी तिनं तेच पान सासऱ्यांपुढे ठेवलं. सदानंद तीस वर्षं मिलमध्ये विणकर होते. मिल बंद पडल्यापासून मागाबद्दल त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं, त्यामुळे त्यांनी चष्मा पुसून घेतला आणि जेवण लांबणीवर टाकलं. त्यांनी सांगितलं ते असं: मागाला डोळे नसतात. एक धागा तुटला तरी तो आपला विणतच राहतो, आणि माणसाचं लक्ष जाईतो हातभर कापड फुकट गेलेलं असतं. म्हणून माणसानं मागापुढे टक लावून उभं राहायचं. माग आपण होऊन थांबत असेल तर माणूस मोकळा झाला. एकाच्या जागी कितीतरी माग तो सांभाळेल, कारण जो थांबलाय तेवढ्याकडेच धावायचं.

"मग तुम्ही काय करायचात, धागा तुटलेला दिसला की?" सुनंदानं विचारलं.

सदानंदांनी ताटातली भाकरी मोडली आणि तशीच ठेवली.

"जॉबर, म्हणजे आमचा मुकादम, बघत नसला तर थांबवायचो," ते म्हणाले. "बघत असला तर जाऊ द्यायचो पुढे. माग थांबलेला दिसला की तो शिव्या घालायचा. कापडाचं कुणी बघत नव्हतं."

सुनंदा नेमकी तिथंच सापडली होती. फळ्यावरचा आकडा खोटा नव्हता. दोरी खरंच कुणी ओढली नव्हती. पण माल तपासायचं काम तिचं होतं, आणि मोल्डला, म्हणजे साच्याला, घाण धरली की बुचाच्या कडेला केसाएवढी चीर पडते हे तिला दिसायचं. पहिल्यांदा दिसलं तेव्हा ती दोरीकडे निघालीसुद्धा होती. फळ्यावर तेव्हा बावीस होता. बाविसाचं शून्य आपल्या हातून व्हायचं, तेही शेठनं नुकताच खडू खाली ठेवलेला असताना, हे काही तिच्यानं झालं नाही. तिनं जेवणाच्या डब्याचं झाकण टेबलाच्या लोखंडी कडेवर दोनदा वाजवलं. कॉन्रॅडनं मान वळवली, तिनं बूच उंच धरून दाखवलं. त्यानं प्रेस थांबवून मोल्ड साफ केला. शेठ ऑफिसात फोनवर होता.

तेव्हापासून हे असंच चाललेलं. दोन टकटक म्हणजे थांब. खराब बुचं ती पिशवीत भरून कचऱ्यात टाकायची आणि शेठच्या कानावर काही जायचं नाही. तिला याची लाज वाटायची, आणि लाज कशाची तेच नीट कळत नव्हतं: थांबवण्याची, की लपवण्याची.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला ती इंजिनीअर, रेवा, आली. वय फार तर तिशीचं, पायात जड बूट, खांद्याला सॅक. शेठनं पुष्पगुच्छ दिला, तो तिनं पहिल्या रिकाम्या टेबलावर ठेवला आणि विसरली. चहाही उभ्यानंच घेतला. इतिहासातला एकही प्रश्न तिनं विचारला नाही, तेव्हा रात्री जागून पाठांतर केलेल्या दोघातिघांचे चेहरे पडले. ती नुसती फिरत होती. हाताला लागेल ते उचलून बघत होती, आणि बघून झालं की जागच्या जागी ठेवत होती.

मग ती फळ्यापुढे उभी राहिली. आज आकडा दोनशे ब्याण्णव होता, आणि शेठनं तो रंगीत खडूनं काढला होता.

"ही दोरी शेवटची कधी ओढली?" तिनं विचारलं.

"एकदाही नाही, मॅडम," शेठ म्हणाला. त्याच्या आवाजात वर्षभराची मेहनत होती. "लावल्यापासून एकदाही वेळ आली नाही."

रेवानं वहीत काही लिहिलं नाही. पेनचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. शाबासकी द्यायची असेल तर माणूस एवढा वेळ घेत नाही, हे सुनंदाच्या लक्षात आलं; शेठच्या आलं नाही, तो हसतच होता. रेवानं सुनंदाकडे वळून विचारलं, तुम्ही तपासणीला ना, तुम्ही कधी ओढलीत? सुनंदानं मान हलवली. ते खोटं नव्हतं, तरी तिनं नजर ट्रेकडे वळवली.

"आता एकदा ओढून दाखवाल?" रेवा शेठला म्हणाली.

शेठनं दोरी ओढली. काही झालं नाही. त्यानं हसून पुन्हा ओढली, मग दोन्ही हातांनी ओढली. वर घंटा होती तशी गप्प होती आणि कॉन्रॅडचा प्रेस आपला चालू होता. कुणीतरी शिडी आणली. वर चढलेल्या माणसानं खाली वाकून सांगितलं की दिवाळीत पोटमाळा घातला तेव्हा वायर कापली गेलीय, टोक लोंबतंय. दिवाळीपासून घंटा मेलेली होती आणि कुणाला कळलं नव्हतं, कारण कुणी ती वाजवून बघितलीच नव्हती. शेठचे कान लाल झाले. तो वायरमनबद्दल काहीतरी बोलायला लागला आणि वाक्य अर्धंच राहिलं.

रेवानं सॅक खांद्यावर चढवली. अजून ती निघाली नव्हती, पण निघणार हे दिसत होतं. त्याच वेळी कॉन्रॅडनं नवा ट्रे सुनंदाच्या टेबलावर आणून ठेवला आणि तो प्रेसकडे परतला. सुनंदाचा हात सवयीनं ट्रेकडे गेला. पहिलं बूच ठीक. दुसरं ठीक. तिसऱ्याच्या कडेला चीर होती.

तिनं शेठकडे बघितलं. त्याचा चेहरा पार उतरला होता. आत्ता गप्प बसणं सोपं होतं. बाई गेल्यावर सावकाश सांगता आलं असतं. पण प्रेसमधला मोल्ड पुन्हा मिटायच्या बेतात होता, आणि आणखी बारा बुचं तशीच निघणार होती, आणि नजरेतून सुटलेले तुकडे कुठल्यातरी गाडीच्या दारात जाऊन बसतील, पावसात पाणी आत घेतील, असं तिच्या डोक्यात आलं. तिनं डब्याचं झाकण उचललं आणि टेबलाच्या कडेवर दोनदा वाजवलं.

प्रेस थांबला. कॉन्रॅडनं सवयीनं मोल्ड उघडला, फडकं घेतलं, आणि मग सगळे आपल्याकडे बघताहेत हे कळून तसाच उभा राहिला.

"हे काय होतं?" रेवानं विचारलं.

सुनंदानं बूच तिच्या हातात दिलं आणि सांगून टाकलं. सगळं सांगितलं, बाविसाव्या दिवसापासूनचं. सांगताना ती शेठकडे बघत नव्हती.

"दिवसातून किती वेळा?"

"चार-पाच. पावसाळ्यात जास्ती."

"काल सात," प्रेसमागून कॉन्रॅड म्हणाला, आणि म्हणाल्यावर त्याला पश्चात्ताप झालेला दिसला.

रेवानं सॅक खाली ठेवली. पहिल्यांदाच ती खुर्चीवर बसली आणि पेनचं टोपण काढून बराच वेळ लिहीत राहिली. निघताना ती शेठला म्हणाली की दोरी ओढल्याची एकही नोंद नसलेला फळा दिसला की आमच्याकडे आम्ही घाबरतो. कुणी थांबवतच नसेल तर एकतर कुणाला दिसत नाही, नाहीतर सांगायची भीती आहे. घंटा दुरुस्त करा, रोज किती वेळा वाजली ते लिहा, मी महिन्यानं परत येते. ऑर्डरचं तेव्हा बोलू. पुष्पगुच्छ ती विसरूनच गेली.

तिची गाडी गल्लीबाहेर गेल्यावर गाळ्यात कुणी कामाला हात लावला नाही. श्रीरंग सुनंदाच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. तो रागावेल अशी तिची तयारी होती. तो रागावला नाही, आणि ते तिला जड गेलं.

"नऊ महिने," तो म्हणाला. "मला का नाही सांगितलंत, सुनंदाताई? मी काय खाणार होतो तुम्हाला?"

सुनंदानं झाकण डब्यावर बसवलं.

"शंभर दिवस झाले तेव्हा तुम्ही पेढे वाटलेत," ती म्हणाली. "दोनशे झाले तेव्हा पण. मी दोन्ही वेळा खाल्ले. पेढे खाल्ल्यावर कसं सांगायचं?"

टेबलावर पडलेलं ते बूच शेठनं उचललं, बोटांत फिरवलं, चष्मा कपाळावर सरकवून डोळ्यांशी नेलं. वीस वर्षं तो रबराच्या धंद्यात होता.

"यात खराब काय आहे?"

"कडेला बघा. चीर आहे."

त्यानं बघितलं. पुन्हा फिरवून बघितलं. सुनंदा आपल्या खुर्चीवरून उठली, त्याला खुर्ची दिली, आणि त्याचा हात मनगटाशी धरून खिडकीच्या उजेडाकडे वळवला, बूच दोन बोटांत जरा दाबून धरायला सांगितलं. तो वाकला. ओठ घट्ट मिटून बघत राहिला.

"नाही दिसत," तो हळू आवाजात म्हणाला.

फडकं हातात घेऊन कॉन्रॅड केव्हाचा ताटकळत होता. मोल्ड साफ झाला होता.

"ताई, चालू करू?"

"थांब जरा," सुनंदा म्हणाली. "शेठ बघताहेत."