शिकंजा

आमच्या घरात सध्या एकही दार लागत नाही. बाथरूमला चादर अडकवली आहे, आणि आत कुणी आहे हे कळावं म्हणून मी आंघोळभर खोकत असते. या वयात हे सोंग!

सगळा ह्यांचा प्रताप. जन्मभर सुतारकाम केलं, आणि बायपोलरचा आजारही तरुणपणापासूनचा सोबती. मागच्या महिन्यात गोळ्या मनानेच बंद केल्या. झोप उडाली, तोंडाचा पट्टा थांबेना. एका सकाळी ठरवलं, घरातली सगळी दारं घासतात. रंधा घेऊन बसले ते थेट संध्याकाळपर्यंत. दारं इतकी तासली की कड्या चौकटीपर्यंत पोचेनात. सून नातीला घेऊन माहेरी गेली.

शेजारी चादरीकडे बघून हसतात, मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. पण खरी लाज वेगळीच आहे. आमचा एक नियम होता. सरस लावला की लाकूड रात्रभर शिकंज्यात आवळून ठेवायचं. तसाच डोक्यात आलेला बेतही रात्रभर ठेवायचा. त्या सकाळी "शिकंज्यात घाला" एवढंच मला म्हणायचं होतं. मी चहा करून दिला.

आता औषध पुन्हा सुरू झालंय आणि माणूस पार मिटलाय. मान वर करत नाहीत. भाजी कुठली करू विचारलं तरी "तू ठरव."

काल मुलगा हत्यारांच्या पेटीपाशी आला. "बाबा, ही मी नेतो. कुणाला तरी देऊन टाकतो."

"ने," हे लगेच म्हणाले. "सगळी ने. माझे हात जळोत."

मुलाचा जीव भांड्यात पडला. मी मात्र पेटीवर हात ठेवला. घाई तीच होती. तेव्हा आनंदाची, आता शरमेची.

"शिकंज्यात घाला," मी म्हटलं.

"आई, आता कशाला पुन्हा—"

"तू गप्प बस. अहो, उद्या सकाळी सांगा."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "त्या दिवशी का नाही म्हणालीस?"

"तुम्ही शीळ घालत होतात," मी म्हटलं. "किती वर्षांनी." मुलगा उगाच खिडकीबाहेर बघत राहिला.

आज सकाळी त्यांनी स्वतःच पेटी उघडली. रंधा, करवत, पटाशी, एकेक मुलापुढे ठेवलं. काटकोन तपासायचा गोनिया तेवढा बाजूला काढला. "हा राहू दे. याला धार नाही."

मी आंघोळीला गेले. खोकणार, तोच बाहेर स्टूल सरकवल्याचा आवाज आला. चादरीवर त्यांच्या पाठीचा फुगवटा दिसला.

"खोकू नकोस," ते हळूच म्हणाले. "मी आहे दाराशी."