बादलीतलं रीळ

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. कुणी मिक्सर काखोटीला मारून आलेला, कुणी पंखा खांद्यावर टाकून. सगळ्यांच्या माना एकाच टेबलाकडे. तिथे पकडीत आवळलेली लहानशी मोटार, तिच्या दांड्यावर जाडजूड लाकडी रीळ, रिळाला दोरा आणि दोऱ्याला टांगलेलं वजन.

“चालू करा!” नुसतं बोट टेकवून मोटारी बऱ्या करणारे बोटबाबा म्हणाले. मोटार कण्हली. वजन हललं नाही.

“थकलीय बिचारी,” बाबा कळवळले. “दुरुस्तीवाले तारा बदलतात. आत्मा कोण बदलणार?” त्यांनी रीळ उपसलं. “हिची सगळी मरगळ या लाकडात उतरलीय!” आणि ते पाण्याच्या बादलीत टाकलं. छपाक! मग दोरा थेट बारीक दांड्यालाच बांधला, मोटारीच्या पाठीवर बोट टेकवलं, डोळे मिटले.

वजन वर चढू लागलं. टाळ्यांनी छत हादरलं.

मी हात मांडीवरच ठेवले. दुधात पाणी असणारच, असं धरूनच मी दूध घेतो.

शेजारी माझी बायको होती. तिच्या गळ्यात श्वासाची नळी आहे. नळीत साचलेला कफ मशीननं ओढावा लागतो, नाहीतर जीव गुदमरतो. त्या मशीनची मोटार मंदावली होती. वाचा गेल्यापासून ती पाटीवर लिहून बोलते. ते वाचता यावं म्हणून मी उतारवयात अक्षरं गिरवली.

मशीन मांडीवर धरून बसलेला मेहुणा कुजबुजला, “बघितलंत भाऊजी? दुरुस्तीवाला दोन दिवस मागतो. तोवर ताईनं काय श्वास रोखून बसायचं? इथं बोट टेकलं की झालं.”

“आणि नाही झालं तर?”

“तुम्ही ना, देव भेटला तरी त्याचं ओळखपत्र मागाल!”

त्याची माया खरी होती. म्हणूनच मला धास्ती वाटत होती.

“आणा ती मोटार,” बाबांनी हात पुढे केला. “पण माझं बोट लागल्यावर दुरुस्तीवाल्याचा हात लावायचा नाही. शक्ती उतरते.”

बायकोनं भावाचं मनगट धरलं आणि पाटीवर लिहिलं. मी मोठ्यानं वाचलं, “वजन इतकं हळू का चढलं?”

“शक्तीला घाई नसते, माई,” बाबा हसले. लोकही हसले.

ती हसली नाही. तिची उमेदीची वर्षं लहान मोटारींच्या कारखान्यात, जोर मोजायच्या टेबलावर गेली होती. ती उठली. बादलीत हात घालून तिनं रीळ काढलं, बाहीला पुसलं, दांड्यावर बसवलं, दोरा त्यावर घेतला.

“अहो माई, मरगळ परत चढेल!”

मी बटण दाबलं. मोटार कण्हली. वजन जागच्या जागी.

“शक्ती गेली कुठं?” मागून कुणीतरी विचारलं.

“यांच्या मनात शंका आहे! शंकेनं शक्ती विटते!” बाबा ओरडले.

मग बायकोनं पुढच्या रांगेतल्या शिंपिणीकडून शिलाई मशीनची मरतुकडी मोटार मागून घेतली आणि पकडीत आवळली. बाबांनी तिला शिवलंही नव्हतं. रिळावर दोरा घेतला, वजन हललं नाही. रीळ काढून दोरा दांड्याला बांधला, वजन मुंगीच्या चालीनं वर. बाबांचं बोट तेव्हा स्वतःच्याच कपाळावरचा घाम निपटत होतं.

“अगं बाई, माझी मोटार बोटाशिवायच पावली!” शिंपीण म्हणाली, आणि सभागृह हसून लोटपोट झालं.

गोष्ट साधी आहे. दार बिजागरीपाशी ढकला आणि एका लहान पोराला कडेला उलट्या बाजूनं रेटायला सांगा. पोरगं तुम्हाला अडवेल. जाड रिळावरचं वजन म्हणजे ते कडेचं पोरगं. बारीक दांड्यावर तेच वजन बिजागरीजवळ येतं. मोटारीचा पीळ, म्हणजे दांडा फिरवण्याचा जोर, तेवढाच राहतो. दोऱ्याची ओढ वाढते, वेग घटतो. म्हणून जोर मोजताना वजनासोबत रिळाची जाडीही धरावी लागते. आमच्या मशीनमध्ये ना दोरा, ना रीळ. मोटार तशीच मंद राहिली असती, आणि दुरुस्तीही हातची गेली असती.

मेहुण्याचा चेहरा उतरला. “पण ताई, ते दोन दिवस?”

तिनं लिहिलं: दवाखान्यात विचारलंस?

त्यानं विचारलं नव्हतं. मीही नाही. तो तसाच धावला, आणि दवाखान्यानं एका सहीवर दुसरं मशीन वापरायला दिलं.

तेव्हा मंडळी, चमत्कार दिसला तर बोट कुठं टेकलं ते पाहत बसू नका. दुसऱ्या हातानं काय काढलं ते पाहा, आणि ते परत लावायला सांगा. खऱ्याचं त्यात काही बिघडत नाही.