विलासची सहावी निवडणूक

माझा धाकटा भाऊ विलास अमेरिकेत एका राज्याचा आमदार आहे. पाचदा निवडून आला, वीस वर्षं झाली. दर खेपेला अर्जावर सही करण्याआधी मी त्याला ओवाळते, फोनवरून का होईना. मी चौथी शिकलेली, पण हा आमदार माझ्या शब्दाबाहेर नाही, हे इथल्या, जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गातल्या, समस्त मराठी बायकांना ठाऊक आहे. मीच सांगितलंय.

या वेळी तो स्वतःच आला, अर्ज घेऊन. सही तेवढी बाकी. सोमवारी पाठवायचा होता.

"अक्का, तू सांगशील तसं."

"सांगायचं काय त्यात? उद्या ओवाळते."

रविवारी दुपारी ओवाळणीचं ताट लावलं, तर हा गायब. तेवढ्यात खालच्या मजल्यावरची म्हातारी दारात. गौरांगने, माझ्या मुलाने, तिचं जर्मन ऐकून कपाळावर हात मारला.

"आई, मामा घरोघरी बेल वाजवतोय! काही अडचण आहे का विचारतोय. रविवारी इथे शांतता पाळतात, कुणी भिंतीत खिळासुद्धा ठोकत नाही!"

"मग हिची काय अडचण?"

"लिफ्ट बंद आहे. मामाने लिहून घेतलंय. आता ही विचारतेय, दुरुस्त कधी होणार."

मी जिना उतरले. दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर विलास वही घेऊन बसलेला.

"ऊठ. तुझे मतदार इथे नाहीत."

हसला. कठडा धरून दोनदा जोर केला, पुन्हा बसला.

"वीस वर्षं हेच केलं, अक्का. दार वाजवायचं, ऐकायचं, लिहायचं. कुणाला पूल हवा, कुणाच्या पोराला शाळेची बस. निम्मंसुद्धा झालं नाही. आता पाय उचलत नाहीत."

"मग नाही म्हणायला तोंड नाही तुला?"

"तू ताट लावलंस ना."

पहिल्या वेळी तो घाबरला होता, तेव्हा मीच उभा केला होता. पुढे कधी विचारलंच नाही, हवंय का म्हणून.

मी शेजारी टेकले.

"भरू नकोस अर्ज."

"खरंच?"

"दोनदा सांगत नाही मी."

त्याने तिथूनच बायकोला फोन लावला. "मीनल, नाही भरत." पलीकडे ती सुटल्यासारखी रडायला लागली. मग म्हणाली, "अक्कांना द्या."

मी हातानेच नको म्हटलं. काय बोलणार होते तिच्याशी? तिलाही वीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं.