शिवेपलीकडे गेलेला पृथ्वीगोल

मित्रांनो, मी एक जुना लाकडी पृथ्वीगोल आहे. पुठ्ठ्यावर छापील कागद चिकटवलेले गोल तुम्ही पाहिले असतील. मी तसला नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. सावंतवाडीच्या महादू चिताऱ्यांनी मला पांगाऱ्याच्या लाकडातून घडवलं. जन्मभर त्यांनी लाकडी आंबे, केळी आणि डाळिंबं रंगवली, म्हणून माझी आफ्रिका पिकल्या हापूससारखी पिवळीधमक आहे.

आमचा सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा नुकताच झाला होता. आचऱ्याच्या बाजूच्या एका वाडीत सरलाबाई शिकवायच्या. मला त्यांनीच घडवून घेतलं. मला तिरकं बसवायचं म्हटल्यावर महादू फार नाराज झाले.

"बाई, ह्यो वाकडो दिसतलो. लोक माका हसतले!"

"महादू, पृथ्वीच कललेली आहे. म्हणून तर ऋतू होतात," बाई म्हणाल्या.

महादूंनी मला बसवलं तिरकं, पण तोंड वाकडं करूनच.

शाळेत माझी चंगळ होती. मुलं मला गरागरा फिरवत. बाई ओरडत, "अरे, पश्चिमेकडून पूर्वेकडे! उलटी फिरवलीत तर सूर्य कुठून उगवेल?" या सगळ्या गोंधळात लहानगी पद्मावती मात्र मला कधी फिरवत नसे. तिचा बापूस बाळा बोटीवर खलाशी होता आणि बोट ब्राझीलकडे गेली होती. बाईंनी एकदा तिचं बोट धरून ब्राझीलजवळच्या निळ्या रंगावर टेकवलं आणि म्हणाल्या, "तुझे बाबा इथे आहेत." तेव्हापासून ती रोज त्या जागी हळूच बोट ठेवी. मला ते फार आवडायचं.

मग गावपळण आली. आमच्याकडे काही वर्षांनी देवाचा कौल घेतात आणि सगळं गाव शिवेबाहेर जाऊन राहतं. माणसं जातात, गुरं जातात, कोंबड्या, कुत्री, मांजरंसुद्धा जातात. ढोल वाजला की मागे एकही जीव राहायचा नाही, राहिला तर त्याचं बरं होत नाही, असं सगळे मानतात. बाईंनी मला कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि त्याही निघाल्या.

पुढचं मला बाईंच्या तोंडून कळलं. शिवेपाशी पद्मावती मटकन खाली बसली. तिची आई गंगू डोक्यावरचं बोचकं सावरत हात ओढू लागली, पण पोर हलेना.

"माझो बापूस शाळेत बंद रवलो! तेका कायतरी होतला!"

"गो, तो लाकडाचो गोळो. तेत बापूस खंयचो?" गंगू म्हणाली.

बाईंनीही समजावलं, की ती पृथ्वीची नुसती प्रतिकृती आहे. पण मुलगी उठेना. तिथं बोट टेकवून 'इथे आहेत' असं आपणच सांगितलं होतं, हे बाईंना आठवलं. मग त्या शाळेकडे वळल्या.

"बाई, मागे फिरा नकात, ढोल वाजतलो," गावचे जुने मानकरी विश्रामकाका म्हणाले.

"काका, ढोल जरा थांबवा."

काकांनी एकदा पद्मावतीकडे पाहिलं. "माणूस रवलो म्हणता मां ती? मगे तेका घेवन येवकच व्हया," ते म्हणाले आणि ढोलावर काठी टाकणाऱ्याला त्यांनी हातानं थांबवलं.

कुलूप उघडलं, तेव्हा बाईंना धाप लागली होती. त्यांनी मला पदरात गुंडाळलं आणि त्या धावत सुटल्या. अशी धावपळ माझ्या वाट्याला पुन्हा कधी आली नाही. शीव ओलांडली आणि मागे ढोल वाजला. पद्मावतीनं मला पोटाशी धरलं. खरं सांगतो, रंगवल्या दिवसापासून इतका आनंद मला झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी झावळ्यांच्या खोपीबाहेर बाईंनी मला उन्हात ठेवलं. माझ्या अर्ध्या अंगावर ऊन पडलं, अर्धं सावलीत राहिलं. "उजेडात आपण आहोत, म्हणजे आपल्याकडे दिवस. सावलीत रात्र," बाई म्हणाल्या.

पद्मावती वळसा घालून पलीकडे गेली. ब्राझील काळोखात होता.

"बाई, थंय आता रात आसा?"

"हो. तुझे बाबा झोपले असतील."

ती ताडकन उठली. आजूबाजूला पोरं दंगा करत होती, बायका चुलीपाशी हसत होत्या, विश्रामकाका नेहमीप्रमाणे ओरडून बोलत होते.

"गप रवा! माझो बापूस निजलो आसा!"

कुणी हसलं नाही. गंगूनं हातातलं भांडं आवाज न करता खाली ठेवलं. आणि काका, ज्यांची हाक खाडीपलीकडे जाई, ते शेजाऱ्याच्या कानाशी लागून कुजबुजले, "हळू रे. बाळा निजलोहा."

मित्रांनो, आता मी म्हातारा झालो आहे. कपाटावर बसून असतो, रंग उडाला आहे, वर्षातून एकदा कुणीतरी फडकं मारतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझं एवढंच मागणं आहे, की मला पुसाल तेव्हा हलक्या हातानं पुसा. उजेडातली बाजू पुसतानाही हलक्या हातानंच, कारण माझ्या दुसऱ्या बाजूला कुणाचा तरी बापूस नुकताच झोपलेला असतो.