चाळीस कुबड्या आणि डावी गाठ

त्या वैशाखात पालीच्या बाजारात सुकटीच्या पाट्यांपेक्षा जास्त गर्दी हाडसिद्ध महाराजांपुढे असायची. वडाच्या फांद्यांना चाळीस कुबड्या टांगलेल्या. ज्याचा पाय महाराजांनी सांधला, त्यानं आपली कुबडी तिथं टांगायची आणि ताठ चालत घरी जायचं, अशी रीत. एवढा पुरावा डोळ्यांपुढे लोंबत असताना शंका काढायची कोणी?

महाराज पोटानं गरगरीत, अंगाला करंजेलाचा दर्प. मोडका पाय मांडीवर घेऊन त्याला बांबूच्या कामट्या बांधायचे, वर पट्टी गुंडाळायचे आणि सूर लावायचे, "हाडा हाडा, घरा ये! नळीला नळी भेटू दे! वेताळाच्या आणेनं बस, बस, बस!" जसं काही हाड म्हणजे शेजारी खेळायला गेलेलं पोर! मग पट्टीखाली 'काड्!' असा आवाज व्हायचा.

"बसलं! हाड बसलं!" गर्दी ओरडायची.

सगुणा बुरुडीण त्या दिवशी आंब्यासाठी विणलेल्या करंड्या घेऊन बाजारात आली होती. तिचा धाकटा भाऊ बाळा महिन्यापूर्वी मुंबईहून आला तो काखेत कुबडी घेऊनच. गिरणीत पाय मोडला, म्हणाला. सगुणानं रडून घेतलं, रोज गरम पेज करून घातली. आणि आज त्याच बाळानं सगळ्यांदेखत कुबडी भिरकावली.

"ताय, बग गो! चाललो!"

सगुणा बाजारात उभ्या उभ्या ढसाढसा रडली. परका कोणी असता तर तिनं दहा प्रश्न विचारले असते. पाठच्या भावाला काय विचारायचं?

तिचा जीव अडकला होता दुसऱ्याच पायात. नवरा सखाराम पावसच्या बागेत आंबे काढताना फांदीसकट खाली आला होता. मांडीचं हाड तुटलं. रत्नागिरीत डॉक्टर जोगळेकरांच्या दवाखान्यात त्याला खाटेवर उताणा निजवून पायाला वाळूची पिशवी टांगली होती. सहा आठवडे असंच, म्हणाले. का, ते कोणी सांगितलं नाही. सगुणाला ती शिक्षाच वाटे.

"बाळा, ह्यांना आणू का रे इथं?"

बाळानं क्षणभर मान खाली घातली. मग म्हणाला, "आण की."

अकराव्या दिवशी तिनं सखारामला दवाखान्यातून काढून बैलगाडीत घातलं. महाराजांनी त्याच्या हाडाला हाक मारली. 'काड्!' सगुणाच्या कानाला काहीतरी खटकलं. हा आवाज रोजच्या ऐकण्यातला होता. पण बाळा शेजारून म्हणाला, "ऐकलंस ना गो? बसलं!" आणि तिनं महाराजांना हात जोडले.

हाड कसलं बसतंय, सखारामच बसला! नवव्या दिवशी महाराजांच्या हुकमावरून उभा राहिला आणि कोसळला. पावसाळा सरेपर्यंत मांडी वाकडी जुळली, पाय तीन बोटं आखूड झाला. झाडावर चढणं कायमचं संपलं. महाराज काय म्हणाले? "श्रद्धा कमी पडली, बायो!"

दसऱ्यानंतर कुबडीवरच्या सखारामला घेऊन ती खाली मान घालून पुन्हा डॉक्टरांकडे गेली. ते रागावले नाहीत. "मांडीचे स्नायू जबर असतात. तुटलेली टोकं ओढून एकमेकांवर चढवतात. पिशवीचं वजन ती सरळ धरून ठेवतं. हे तेव्हाच समजावायला हवं होतं. चुकलंच आमचं."

"मग तो आवाज, डॉक्टर?"

"तुटलेलं हाड एका आवाजात जुळत नाही, बाई. आठवडे लागतात त्याला. कसला होता आवाज?"

"वाळली कामटी मोडल्याचा," सगुणा बोलून गेली, आणि आपण काय बोललो ते तिलाच कळलं.

पुढच्या बाजाराला ती सखारामला बैलगाडीत घालून पालीला गेली. वडाखाली उभी राहिली आणि पहिल्यांदाच त्या कुबड्यांकडे बुरुडाच्या नजरेनं पाहिलं. आडवी दांडी बांबूच्या सालीनं बांधलेली, आणि गाठ डावी. सगळे बुरूड उजवा पीळ देतात. तिचा बाप डावखुरा होता. त्याची डावी गाठ जगात दोघांनाच येत होती, तिला आणि बाळाला. तिनं एकेक कुबडी हातात घेतली. चाळीसच्या चाळीस डाव्या गाठीच्या!

पलीकडे मुसा खलाशाची मोडकी नडगी महाराजांच्या मांडीवर होती. त्याची बायको सकिना पदरानं वारा घालत होती. 'काड्!' झालं तशी सगुणा गर्दीत घुसली. कमरेची कोयती काढून, पाय जराही न हलवता तिनं पट्टी चिरली. आतून कामटीचे दोन तुकडे पडले.

"तीन कामट्या पाय धरायला, चौथी वाळकी अंगठ्यानं मोडायला! हे ह्यांचं हाड!"

"पापिणी! वेताळ कोपेल!"

"कोपू दे मेल्याला!" तिनं सखारामची कुबडी वर धरली. "ही खरी कुबडी. बूड झिजलंय, काखेचा फडका घामानं काळा पडलाय. आता त्या चाळिसांची बुडं बघा. एक तरी अशी झिजलीय? मग कोणाचे पाय बरे केले ह्यानं?"

लोक कुबड्या उलट्या करून बघू लागले. तोवर महाराज स्वतःच्या धडधाकट पायांनी पसार झाले होते.

बाळा मात्र तिथंच राहिला. "पोटासाठी गो, ताय. कुबड्या मीच बांधल्या, माझा पाय मोडलाच नव्हता. तुला सांगायचा धीर नाय झाला."

"कामट्या विणून पोट भरत होतं रे आपलं. 'नको' एवढंच म्हणायचं होतंस. एक शब्द! तेवढा बोलला असतास तर हा माणूस आज झाडावर असता." बाळानं पाय धरायला हात पुढे केला, तिनं पाय मागे घेतला.

त्याच गाडीतून मुसा दवाखान्यात गेला. त्याचा पाय महिनाभर का हलवायचा नाही, हे सगुणानं सकिनाला स्वतः बसून समजावलं. शिमग्याला मुसा होडीवर चढला.

चमत्काराला टाळ्या पिटायला सगळा गाव जमतो. सहा महिन्यांनी त्याच माणसाच्या दारात जाऊन 'चालतोस का रे?' विचारायला कोणी जात नाही. तेवढं विचारा. आणि पाठचा भाऊ शपथेवर सांगत असला, तरी आधी कुबडीचं बूड बघा.