माझ्या कानातलं कुंकू

मित्रांनो, मी एक जुना रिसीव्हर आहे. दिसतो रेडिओसारखा, पण मला गाणी येत नाहीत. मिरजगावात लोक रंगनाथला विचारायचे, "काय रं, बातम्या लागत्यात का ह्याच्यावर?" तो म्हणायचा, "लागत्यात की. पन एकाच लांडगिणीच्या."

खरंच होतं ते. लांडग्यांचा अभ्यास करणाऱ्या रश्मीताईंनी एका लांडगिणीच्या गळ्यात पट्टा बांधला होता. पट्ट्यातलं छोटं यंत्र हाक मारायचं, अँटेना ती झेलायचा आणि माझ्यातून 'टुक टुक' ऐकू यायचं. वनखात्याचा मजूर रंगनाथ मला खांद्याला अडकवून माळ तुडवायचा.

ब्याण्णव साली दसऱ्यासाठी ताई राहुरीला घरी गेल्या आणि मी रंगनाथकडे राहिलो. त्याच्या बायकोने, चांगुणाबाईने, खंडेनवमीला विळा, कुऱ्हाड, कुदळ धुऊन मांडली. शेजारी मलाही बसवलं. "आमच्या धन्याच्या पोटापान्याचं हत्यार हाय हे," म्हणाली आणि ओलं हळदकुंकू लावलं. अँटेनाची वायर खोचतात ते भोक म्हणजे माझा कान. तिचं बोट नेमकं तिथंच टेकलं. माझी पूजा होण्याची ती पहिलीच वेळ. मी खूश होतो.

ताई परतल्या त्या सकाळी शेळ्या राखणारा बन्सी भेटला. त्याची करडं लांडगिणीने नेली होती.

"तुझ्या लांडगिणीला जेवन वाढलंय," तो रंगनाथला म्हणाला. "मेल्याली शेळी, वरून औषध."

"कुठं टाकलीस?"

"डबा घिऊन फिरतूस की. इचार त्यालाच."

रंगनाथने घाईने मला चालू केलं. टुक टुक इतकं बारीक, की वाऱ्यात विरून जात होतं.

"लांब गेली असेल," ताई म्हणाल्या. आम्ही टेकडीवर चढलो. जीपने पलीकडच्या माळावर गेलो. तिथं तर आवाज बंदच पडला.

"बाई, पडली तर न्हाई ना ती?" रंगनाथने विचारलं. जनावर जमिनीवर निपचित पडलं की पट्ट्याची हाक दबते, हे दोघांनाही ठाऊक होतं. मला माझा कान जड लागत होता. पण सांगू कसं?

शेवटी रंगनाथच्या अंगणात येऊन ताईंनी पेटीतला दुसरा पट्टा कुंपणावर टांगला. एवढ्या जवळून मी ओरडायला हवं होतं. मी नुसता पुटपुटलो.

"दोष आपल्याकडेच आहे, रंगनाथभाऊ!"

सेल बदलले. वायर बदलली. फरक नाही. मग ताईंनी माझा कान उन्हाकडे धरला. आत लालपिवळी खपली होती.

चांगुणाबाईचं तोंड उतरलं. "अवो, मीच लावलं. पूजा केल्ती. आता ती मेली तर माझ्यामुळं?"

"कुऱ्हाडीला लावायचं ते ह्याला लावलंस व्हय गं!" रंगनाथ कडाडला.

"ओरडू नका. वहिनी, कापूस द्या."

चांगुणाबाईने वातीसारखा कापूस काडीवर वळला. ताईंनी तो स्पिरिटमध्ये बुडवून माझा कान पुसला.

मी असा ओरडलो की कोंबड्या पळाल्या. ताईंनी माझं बटण लांडगिणीच्या हाकेवर फिरवलं. आवाज ठणठणीत, आणि गावामागच्या ओढ्याकडून! ती इतका वेळ जवळच होती. रंगनाथ मला छातीशी धरून पळत सुटला.

बाभळीखाली शेळी पडली होती. शेजारी एक कावळा मरून पडला होता. रंगनाथची पावलं थबकली. तेवढ्यात तरवडाच्या झुडपाआडून लांडगीण उठली, तिने आमच्याकडे बघितलं आणि माळाकडे निघून गेली. शेळीला तिने तोंड लावलेलं नव्हतं. रंगनाथने घरून कुदळ आणली. मग त्याने खोल खड्डा खणून शेळी पुरली, कावळाही पुरला.

चांगुणाबाईने जुन्या लुगड्याच्या काठाची टोपी शिवली, माझ्या कानासाठी. "आता लाव कुंकू कुठंबी," रंगनाथ हसून म्हणाला.

आता ती लांडगीण नाही. चांगुणाबाईही नाही. ताईंकडे नवी यंत्रं आली आणि मी रंगनाथच्या घरी फळीवर असतो. दसऱ्याला तो मला खाली घेतो, टोपी बसवतो आणि कुंकू लावतो. त्याला ते जमत नाही. फार पातळ होतं, ओघळतं.

मित्रांनो, यंत्र ठेवून देताना त्यातले सेल काढा, धूळ पुसा. आणि कुणाचा आवाज बारीक आला, तर ते लांब गेलं असं समजू नका. आधी आपला कान पुसून बघा. पण लवकर बघा.