दहा पायऱ्यांची शिडी

लहानपणापासून घरात तिला सगळे भुंगा म्हणायचे. एकदा प्रश्न सुरू झाले की समोरच्याचं डोकं पोखरल्याशिवाय ती थांबत नसे. अशा मुलीने समाजशास्त्रात एम.ए. करताना विषमता हा विषय घ्यावा, यात नवल ते काय!

प्रबंधासाठी तिने एक मोठी लॉन्ड्री निवडली. कागदावर दहा पायऱ्यांची शिडी काढायची, तळाची पहिली, सगळ्यात वरची दहावी, आणि प्रत्येकाला विचारायचं, "समाजात तुम्ही कितव्या पायरीवर?" वाफेत घामाघूम झालेली इस्त्रीवाली म्हणाली, पाच. चादरींच्या ढिगामागचा मुकादम म्हणाला, पाच. थंडगार केबिनमधल्या मालकांनीही अगदी लाजत पाचावरच बोट ठेवलं. भुंगा चक्रावली. सगळेच मधे, मग वर कोण आणि खाली कोण?

"सगळ्यांचं उत्तर सारखं, म्हणजे प्रश्नच फुसका," मार्गदर्शक बाईंनी निकाल लावला. "सोमवारपर्यंत काही सुचलं तर ठीक. नाहीतर विषय बदल." वर्षभराची मेहनत पाण्यात जायची वेळ आली.

ती पुन्हा लॉन्ड्रीत जाऊन बसली. मालक फोनवर कुणाला तरी सांगत होते, "अहो, आम्ही कसले श्रीमंत! आमच्या मेहुण्याचं बघा, तीन कारखाने आहेत." आणि तिची ट्यूब पेटली. ती धावतच इस्त्रीवालीकडे गेली.

"काकू, पाच म्हणालात तेव्हा मनात कोण होतं?"

"धाकटी बहीण गं. तिला तर धड कामच नाही. आणि वर आमचे मुकादम!"

म्हणजे प्रत्येकजण आपापल्या माणसांकडे बघून पायरी ठरवत होता. घरी पोहोचताच तिने बाईंना फोन लावला. बाई चक्क खूश झाल्या. "हा प्रश्न जोड. विषय तुझाच."

समोरच आई कुणाच्या तरी पँटची उंची कमी करत बसली होती. असंच कपड्यांच्या दुरुस्तीचं काम करून तिने भुंग्याला शिकवलं होतं. घरच्यांची उत्तरं प्रबंधात घ्यायची नसतात, पण नव्या प्रश्नाची तालीम करायला काय हरकत?

"आई, तू कितवी?"

आईने शिडी नीट न्याहाळली. "दुसरी."

"काहीतरीच!" भुंगा उखडलीच. "हाताशी स्वतःचं काम आहे, गल्लीभर मान आहे, आणि म्हणे दुसरी! कोणाकडे बघून म्हणालीस?"

"कोणाकडे म्हणजे? समोर तूच तर बसली आहेस." आईने दोरा दाताने तोडला. "मघाशी बाईंशी बोलत होतीस, मला त्यातलं अर्धंही कळलं नाही. तू कॉलेजात जायच्या आधी विचारलं असतंस ना, तर मीही पाचच म्हणाले असते."

भुंग्याने शिडीवरचं बोट पाचावरून दोनावर आणलं. आईला तीन पायऱ्या खाली उतरवणारं दुसरंतिसरं कुणी नव्हतं.

"आणि मी कितवी?" तिने कसंबसं विचारलं.

"नववी!" आई म्हणाली, आणि ते इतक्या अभिमानाने म्हणाली की भुंग्याला रडूच फुटलं.